कुत्रा पास, मी नापास: थेरपी डॉगचं काम नक्की कसं चालतं

थेरपी डॉग म्हणून रुग्णांना भेटायला जाण्याआधी कुत्रा आणि मालक यांची चाचणी होते. पहिल्या चाचणीत माझा कुत्रा शेरू पास झाला आणि मी नापास. निकालपत्रावर अर्थात तसं लिहिलेलं नव्हतं. तिथे जोडीचा निकाल लागतो, त्यामुळे आम्ही दोघंही नापास. पण परीक्षक बाईंनी बाजूला बोलावून जे सांगितलं, त्याचा अर्थ तोच होता.

चाचणीत खोटा वॉर्ड उभा करतात. एक जण खडखडाट करत वॉकर ढकलत जातो. मागे कोणीतरी स्टीलचं भांडं पाडतं. शेवटी तीन अनोळखी माणसं एकदम भोवती येतात, मोठ्याने बोलतात आणि कुत्र्याला वेडंवाकडं कुरवाळतात. शेरू ना भुंकला, ना उडी मारली, ना दात दाखवले. मी मनातल्या मनात त्याची पाठ थोपटत होते. बाई म्हणाल्या, "त्याने आधी तोंड फिरवलं. मग ओठ चाटले. मग तुमच्या पायामागे यायला बघितलं. तीनदा सांगितलं त्याने, की पुरे आता. आणि तुम्ही पट्टा आखडून हसत उभ्या होतात."

थेरपी डॉगबद्दल सोप्या भाषेत काही सांगायचं, तर मला ते याच जागेपासून सांगता येतं. शांत कुत्रा मिळणं फारसं अवघड नसतं. तो शांत का आहे आणि कुठवर शांत राहील, हे ओळखणारा माणूस शोधणं अवघड जातं. आणि या कामात जी जी नाती जुळतात, ती या ओळखण्यावरच उभी असतात.

आधी एक घोळ निस्तरू. अंध माणसाला रस्ता ओलांडायला मदत करणारा किंवा फिट येणाऱ्या माणसाजवळ राहणारा कुत्रा म्हणजे सर्व्हिस डॉग. तो एकाच माणसासाठी ठरावीक कामं शिकलेला असतो, आणि अमेरिकेसारख्या देशात त्याला दुकानात, बसमध्ये, सरकारी ऑफिसात जायचा कायदेशीर हक्क असतो. ज्याच्या नुसत्या घरात असण्याने मालकाला मानसिक आधार मिळतो, तो इमोशनल सपोर्ट डॉग. त्याला कुठलंही खास प्रशिक्षण लागत नाही. थेरपी डॉग या दोन्हींपेक्षा वेगळा. तो असतो स्वयंसेवकाच्या घरचा, साधा पाळीव कुत्रा. आठवड्यातून एखादा दिवस मालकाबरोबर रुग्णालयात, वृद्धाश्रमात, शाळेत किंवा वाचनालयात जातो, परक्या माणसांना भेटतो आणि घरी येऊन झोपतो. बोलावल्याशिवाय त्याला कुठे प्रवेश नसतो. अंगावर छानसं जाकीट घातलं म्हणून हॉटेलात घुसता येत नाही, हे काही स्वयंसेवकांनाही सांगावं लागतं.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये यॉर्क इथे 1796 मध्ये मनोरुग्णांसाठी सुरू झालेल्या 'रिट्रीट'च्या अंगणात ससे आणि कोंबड्या मुद्दाम ठेवलेल्या होत्या. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला छोटासा पाळीव प्राणी उत्तम सोबत करतो, असं फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. मनोविश्लेषक फ्रॉइडच्या खोलीत रुग्ण बोलत असताना त्यांची जोफी नावाची चाउ जातीची कुत्री पडलेली असायची. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीत सापडलेली स्मोकी नावाची यॉर्कशायर टेरियर, वजन जेमतेम 2 किलो, जखमी सैनिकांच्या वॉर्डात फिरायची.

पण या सगळ्याला अभ्यासाचा विषय बनवलं ते बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी बाल-मानसतज्ज्ञाने. त्यांच्याकडे एक अबोल मुलगा ठरल्या वेळेच्या आधीच येऊन पोचला. लेव्हिन्सन लिहीत बसले होते आणि त्यांचा कुत्रा जिंगल्स पायाशी होता. एरवी उपचाराच्या वेळी त्याला खोलीबाहेर ठेवत. कुत्रा धावत जाऊन मुलाला चाटू लागला आणि मुलगाही त्याला बिलगला. पुढच्या काही भेटींत मुलगा फक्त जिंगल्सशी खेळायचा, मग हळूहळू त्या खेळात डॉक्टरांनाही घेऊ लागला. 1961 मध्ये लेव्हिन्सन यांनी हे मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडलं तेव्हा हशा पिकला. फीमधला वाटा कुत्र्यालाही देता का, असं कुणीतरी विचारलं म्हणतात. त्यांनी दुसऱ्या वर्षी त्यावर लेख लिहिला. त्यानंतर 1976 मध्ये एलेन स्मिथ या नर्सने अमेरिकेत थेरपी डॉगची नोंदणी करणारी संस्था काढली आणि घरच्या कुत्र्याला घेऊन जाणारा स्वयंसेवक ही रीतसर गोष्ट झाली.

आता कुत्र्याला हात लावल्याने माणसाला नक्की होतं काय? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात 249 विद्यार्थ्यांचे चार गट केले. एका गटाला 10 मिनिटं कुत्र्यामांजरांना कुरवाळू दिलं. दुसरा गट रांगेत उभा राहून ते नुसतं बघत होता, तिसऱ्याने प्राण्यांचे फोटो पाहिले आणि चौथा वाट बघत बसला. नंतर लाळेतलं कोर्टिसोल, म्हणजे ताण आला की शरीरात वाढणारं संप्रेरक, मोजलं. प्रत्यक्ष हात लावणाऱ्यांमध्ये ते सर्वांत कमी निघालं. 2019 चा हा अभ्यास. त्याआधी 2007 मध्ये हृदय अशक्त झालेल्या 76 रुग्णांवर असाच एक प्रयोग झाला होता. काहींकडे कुत्रा आणि स्वयंसेवक 12 मिनिटं बसले, काहींकडे नुसता स्वयंसेवक आणि काहींकडे कोणीच नाही. कुत्र्याच्या गटात चिंता आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधला दाब जास्त उतरला. नुसत्या स्वयंसेवकाचा तेवढा परिणाम दिसला नाही, हे मी जरा जड मनानेच सांगते.

आणखी एक प्रयोग जपानमधला, 2015 चा. कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले, तर दोघांच्याही लघवीत ऑक्सिटोसिन वाढलेलं सापडलं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात जे संप्रेरक काम करतं, तेच हे. माणसांनी लहानपणापासून वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र तसं झालं नाही. हा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो, पण त्यातला एक शब्द बहुतेक वेळा गळतो: मालक. ही देवाणघेवाण कुत्रा आणि त्याचा स्वतःचा माणूस यांच्यात मोजली होती. खाटेवरच्या परक्या आजोबांपुढे कुत्रा निवांत उभा राहतो, तो बऱ्याचदा पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे यावर विश्वास ठेवून.

चमत्काराच्या गोष्टींपासून मी जरा लांबच राहते. कर्करोग झालेल्या मुलांवर अनेक रुग्णालयांत मिळून एक मोठी चाचणी झाली. तिच्यात कुत्रा भेटलेल्या आणि न भेटलेल्या, दोन्ही गटांतल्या मुलांची चिंता काळानुसार कमी झाली. मुलांमध्ये ठळक फरक दिसला नाही, तो दिसला आईवडिलांच्या ताणात. मला हे पटतं. वॉर्डात सगळ्यात थकलेला चेहरा कित्येकदा खाटेशेजारच्या खुर्चीवर असतो.

'कुत्र्याला सगळं कळतं' हेही वाक्य मी जपून वापरते. 2012 मध्ये लंडनच्या दोन संशोधकांनी 18 कुत्र्यांपुढे माणसांना बोलायला, गुणगुणायला आणि रडायचं सोंग करायला लावलं. रडणाऱ्याकडे कुत्रे जास्त वेळा गेले, तो अनोळखी असला तरी. ही सहानुभूती असेलच असं मात्र संशोधकांनीही म्हटलं नाही. रडणाऱ्या माणसाजवळ गेलं की लाड होतात, एवढं कुठलाही घरचा कुत्रा शिकलेला असतो. ते काही असो, तो जवळ येतो आणि "काय झालं" असं विचारत नाही.

कोणता कुत्रा चालतो? जातीचं फार मनावर घेऊ नका. रुग्णालयातल्या संसर्गावर काम करणाऱ्या अमेरिकी तज्ज्ञांच्या 2015 च्या मार्गदर्शनानुसार तो निदान एक वर्षाचा असावा, म्हणजे स्वभाव पक्का झालेला. माणसांजवळ जाण्याची त्याला स्वतःहून ओढ हवी. नुसतं सहन करणारा उपयोगाचा नाही. बस, थांब, सोड, ये या आज्ञा पाळायला शिकवता येतात, पण परक्यांचा कंटाळा असलेल्या कुत्र्याला परकी माणसं आवडायला लावता येत नाहीत. शेपटाची आणि नळीची म्हण आपण कुत्र्याला हिणवायला वापरतो, स्वभावाच्या बाबतीत मात्र ती साधी वस्तुस्थिती आहे. तुमचा कुत्रा पाहुणे आले की कॉटखाली जाऊन बसत असेल, तर तो गुणी आहे आणि या कामासाठी नाही. त्याला घरीच राहू द्या.

मी ओळखायला शिकले ती कुत्र्याची भाषा आता सांगते. इथेच जरा थांबायला हवं, कारण नवीन माणूस हमखास इथे चुकतो. शेपूट हलणं म्हणजे आनंद, असं सरसकट नसतं. ताठ आणि उंच धरून थरथरणारं शेपूट वेगळं आणि कमरेसकट डोलणारं वेगळं. झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, उकडत नसताना धापा टाकणं, हे सगळे ताणाचे निरोप. अंग कोरडं असताना ओल्यासारखं झाडलं, की समजायचं तो नुकताच कशातून तरी सुटला आहे. आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे काहीच न करणं. कुत्रा थिजून उभा राहतो, लोक म्हणतात, "किती शांत आहे हो!" असेच निरोप मी चाचणीत चुकवले होते. तीनदा सांगून कोणी ऐकलं नाही की काही कुत्रे सांगणं सोडून देतात, आणि मग एक दिवस थेट गुरगुरतात. 'अचानक चावला' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच घटनांत हा आधीचा भाग गाळलेला असतो.

पुढचे चार महिने मी शेरूला फारसं काही शिकवलं नाही. मीच शिकले. कोणी त्याला हात लावायच्या आधी मी दोन सेकंद थांबायचे. तो एक पाऊल पुढे गेला तर ठीक. नाही गेला तर म्हणायचे, "आज त्याचा मूड नाहीये, आपण नुसत्या गप्पा मारू." पट्टा सैल. वर ताणलेल्या पट्ट्यातून माझी धास्ती थेट त्याच्या गळ्यात उतरते, हेही तेव्हाच कळलं. दुसऱ्या चाचणीत भांडं पडलं तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. बाईंनी कागदावर खूण केली.

प्रत्यक्ष भेट आदल्या दिवशी सुरू होते. आंघोळ, केस विंचरणं, नखं घासून गुळगुळीत करणं, कारण म्हाताऱ्यांची कातडी कागदासारखी फाटते. रेबीजची आणि बाकीच्या लसी वेळेवर, जंतांचं औषध, गोचिड-पिसवा नाहीत याची खात्री. कच्चं मांस खाणारा कुत्रा बऱ्याच संस्था घेत नाहीत. हे नियम म्हणजे सोवळं नव्हे. कॅनडात ओंटारिओमध्ये रुग्णांना भेटणाऱ्या 102 कुत्र्यांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. धडधाकट दिसणाऱ्या त्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या विष्ठेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जुलाबाचा त्रासदायक जंतू सापडला. म्हणून कुत्र्याला हात लावण्याआधी आणि नंतर प्रत्येकाने सॅनिटायझर लावायचं, खाटेवर स्वच्छ चादर टाकूनच त्याला घ्यायचं, जखमेजवळ किंवा सलाइनच्या नळीजवळ जाऊ द्यायचं नाही, तोंड चाटू द्यायचं नाही. हात मिळवायला पंजा देणंही बंद. मुलांची त्यावर नाराजी असते.

दारात आधी विचारायचं. कुणाला भीती असते, कुणाला ॲलर्जी, कुणाला नुसतं नको असतं. नकार आला की हसून पुढे जायचं. रुग्णालयात दिवसभर सुया, गोळ्या, तपासण्या, कशालाच नाही म्हणता येत नाही. तिथे एका गोष्टीला नाही म्हणता आलं, तर तीही भेटच झाली असं मी धरते.

काही भेटी नुसत्या गप्पांच्या असतात, काहींमागे उपचाराचं गणित असतं. पक्षाघातानंतर एका काकांचा उजवा हात उचलेना. फिजिओथेरपिस्टने दिलेल्या खुंट्या ते दोन-चार वेळा हलवून ठेवून द्यायचे. मग त्यांच्या हाताला जाड मुठीचा ब्रश बांधला आणि शेरूला शेजारी उभं केलं. पहिल्या दिवशी त्याच्या मानेवर सहा वेळा हात फिरला. पुढच्या खेपेला थेरपिस्टने मला डोळ्यांनीच खुणावलं, मी शेरूला वीतभर मागे सरकवलं. काकांना आता कोपर सरळ करून पाठीपर्यंत पोचायला लागत होतं. ते कुरकुरले, "याला एका जागी उभं राहता येत नाही का?" आणि पोचले. थेरपिस्ट कोपऱ्यात आकडे लिहीत होती. शेरूला आपण व्यायामाचं साधन आहोत याचा पत्ता नव्हता. त्याचं सगळं लक्ष ब्रश कानामागे कधी येतो याकडे.

वाचनालयातलं काम आणखी वेगळं. 1999 मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी इथे मुलांनी कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवायचा उपक्रम सुरू झाला आणि तो पुढे बऱ्याच देशांत गेला. अडखळत वाचणाऱ्या मुलाला चुकण्यापेक्षा चुकताना कोणी बघतंय याची भीती जास्त असते. कुत्रा दुरुस्त करत नाही, घाई करत नाही, शेजारच्या मुलाकडे बघून हसत नाही. मोठ्या माणसाला मात्र गप्प बसणं जड जातं. मूल एखाद्या शब्दाशी अडलं की माझी जीभ वळवळते. तेव्हा म्हणायचं, "शेरूला हा शब्द माहीत नाहीये बहुतेक, त्याला सांगशील?" मग ते मूल शिक्षक होतं. एका मुलीने शेरूला 'भूकंप' हा शब्द सलग पाच मिनिटं समजावला, जमिनीवर हात आपटून. शेरू दुसऱ्या कुशीवर वळला. तिने पान उलटलं आणि म्हणाली, "त्याला कळलं."

भेटीची वेळ मोजून ठेवायची. त्याच अमेरिकी मार्गदर्शनात एका तासाची मर्यादा आहे, आणि तेवढीच पुरे. प्रत्येक नवा वास, प्रत्येक हात, गुळगुळीत फरशीवर सांभाळून टाकलेलं प्रत्येक पाऊल यांनी कुत्रा दमतो. घरी आलं की शेरू पाणी पिऊन थेट झोपायचा, संध्याकाळी चेंडू दाखवला तरी एक डोळा उघडून परत मिटायचा.

आता नात्यांबद्दल. पहिलं नातं दिसतं ते रुग्ण आणि कुत्रा यांचं, त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्याच्या कडेकडेने जुळणारी जास्त गंमतशीर वाटतात. एका वृद्धाश्रमातल्या दोन आजी वर्षभर समोरासमोरच्या खाटांवर असून बोलत नव्हत्या. शेरू आधी कुणाकडे जाणार यावरून त्यांचं भांडण झालं, आणि भांडणातून बोलणं सुरू झालं. रात्रपाळी संपवून निघालेल्या सिस्टर दोन मिनिटं जमिनीवर बसून त्याच्या मानेत तोंड खुपसायच्या आणि न बोलता निघून जायच्या. लिफ्टवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना शेरूचं नाव पाठ होतं. मी 'शेरूची ताई', किंवा नुसतीच 'अहो, शेरूवाल्या'.

या कामाची एक बाजू प्रशिक्षणात दहा मिनिटांत उरकतात. ज्यांना भेटता, ती माणसं जातात. गुप्ततेच्या नियमामुळे कोण कुठे गेलं हे विचारता येत नाही, फोटो टाकता येत नाही, घरी नाव घेऊन सांगताही येत नाही. एका गुरुवारी शेरू सवयीने खिडकीजवळच्या खाटेकडे वळला. तिथे दुसरंच कुणीतरी झोपलं होतं. त्याने चादरीचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि मी पट्टा हलकेच वळवला. बाहेर आल्यावर आम्ही दोघं पायरीवर बसलो. चांगल्या संस्थांमध्ये अशा दिवसांनंतर समन्वयक फोन करतात. तुम्ही संस्था निवडताना कुत्र्याच्या विम्याबद्दल विचाराल, तेव्हा हेही विचारा. आणि शक्य असेल तर सुरुवातीला कुत्रा घरी ठेवून, दुसऱ्या जोडीबरोबर दोन-चार भेटींना नुसतं सोबत जाऊन या. माझं ते करायचं राहून गेलं होतं.

शेरू अकरा वर्षांचा झाला आणि एके दिवशी लिफ्टच्या दारात थांबला. ओढलं असतं तर आला असता. त्याने मान वळवली, ओठ चाटले. मी खाली वाकून त्याचं जाकीट काढलं आणि आम्ही घरी गेलो. समन्वयकांना कळवलं की आता बस.

पंधरा दिवसांनी वृद्धाश्रमातून निरोप आला, त्या भांडणाऱ्या आजींपैकी एकीचा. शेरूला जमत नसेल तर मी एकटी आले तरी चालेल म्हणून. मी गेले. पट्टा नसल्यामुळे हात कुठे ठेवावे कळत नव्हतं. आजींनी शेरूचे गुडघे, खाणं, झोप, सगळं विचारून घेतलं. लहानपणी त्यांच्या वाड्यात एक लंगडी कुत्री होती, तिची गोष्ट सांगितली. मग जरा थांबून चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, "तुझं नाव काय गं?"